अष्टू हवालदाराचे आठ हात

मुंगीने ती बातमी दिली तेव्हा थोरली दूध तापवत होती.

"मावशी, पुढच्या शनिवारी शाळेत वेशभूषा आहे. ज्याला जे कार्टून आवडतं, त्याने ते व्हायचं. मी अष्टू हवालदार होणार!"

मुंगी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभी होती. एक हात वर, एक हात आडवा, आणि शिट्टी नव्हती म्हणून तोंडाचाच चंबू.

अष्टू हवालदार म्हणजे टीव्हीवरचा निळा ऑक्टोपस. समुद्राच्या तळाशी भर चौकात उभा राहून तो माशांची वाहतूक सांभाळतो. आठ हातांत आठ पांढरे हातमोजे, डोक्यावर टोपी, तोंडात शिट्टी. पण आठही हात तो एकदम हलवतो, त्यामुळे कुठल्या हाताचं ऐकायचं ते माशांना कळत नाही आणि रोज नवा घोटाळा होतो. मुंगी रोज बघायची आणि रोज तितकीच खिदळायची.

थोरलीच्या डोक्यात लगेच कातर चालू झाली. कारखान्यात गाड्यांच्या आणि बसच्या सीटांची कव्हरं शिवण्यात तिची उमर गेली होती. कापड कुठलं, आत फोम किती, टोपीला काळं रेक्झिन, हातमोज्यांच्या कडेला गोटासारखं पायपिंग घालायचं की नको, सगळं तिने दुधाला साय धरायच्या आत ठरवून टाकलं.

"होऊन जाईल," ती म्हणाली. "ये इकडे, खांद्याचं माप घेते."

"तू नको घेऊस," मुंगी म्हणाली. "आई करणारे."

"कोण?"

"आई. ती म्हणाली, मी करीन. मी तुला नुसतं सांगितलं."

दूध उतू गेलं. थोरली गॅस बंद करून ओटा पुसत बसली, आणि पुसून झालेला ओटा तिने आणखी दोनदा पुसला.

थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या बहिणी. आई गेली तेव्हा थोरली सोळा वर्षांची होती आणि धाकटी आठ. धाकटीच्या वेण्या, धाकटीचा डबा, धाकटीची फी, सगळं थोरलीच्या अंगावर पडलं आणि तिने ते पदर खोचून केलं. धाकटी शिकली, नर्स झाली, तिचं लग्न झालं. थोरलीचं राहून गेलं. का राहिलं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वेळ कुणाला होता?" आणि पुढचं कव्हर मशीनखाली सरकवायची.

मग मुंगी झाली. खरं नाव वेगळं होतं, पण साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी ही पोर तिथे हजर, म्हणून मुंगी. तिचा बाप मालवाहू जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यावर. मुंगी तीन वर्षांची असताना धाकटीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. राहायला नर्सेसचं वसतिगृह, तिथे मूल चालत नव्हतं. तेव्हा थोरलीच म्हणाली, "ठेव माझ्याकडे. तुला नाही का वाढवलं?"

मुंगी अडीच वर्षं थोरलीकडे राहिली. दुपारी ती कारखान्यात फोमच्या ढिगावर झोपायची. रस्त्यात कुणी विचारलं, "मुलगी का?" तर थोरली "भाची" म्हणायची खरी, पण जरा थांबून. जिन्यातली म्हातारी शेजारीण एकदा म्हणाली होती, "माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते काही उगीच नाही." असल्या बोलण्यावर माणसाने "असं बोलू नये हो" म्हणावं. थोरली नुसती हसली होती. ते वाक्य तिने घरी नेलं होतं आणि बरेच दिवस पुरवून पुरवून वापरलं होतं.

आता तीन-चार महिन्यांपूर्वी धाकटी बदली घेऊन परत आली. त्याच रस्त्यावर, चार घरं सोडून तिने दोन खोल्या घेतल्या आणि मुंगीचे कपडे एका पेटीत भरून नेले. गुरुवारी तिला हॉस्पिटलात जास्तीची पाळी असायची, म्हणून तेवढा गुरुवार मुंगी मावशीकडे. बाकीचे सहा दिवस आईकडे. हिशेब सरळ होता. वाईट वाटायचं काहीच कारण नव्हतं, आणि म्हणूनच थोरलीला ते कुणाला सांगता येत नव्हतं. ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल, म्हणतात. थोरलीला ओवाही मागता येईना, कारण दुखतंय हेच तिला कबूल नव्हतं.

पण दुखत होतं. धाकटीला साधं बटण लावता येत नाही, शाळेत असताना तिची भरतकामाची पट्टी आपणच भरून दिली होती, आणि ती आता ऑक्टोपस करणार! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली, असं थोरलीच्या मनात आलं. मनात आलं म्हणून तिला स्वतःचा रागही आला, पण म्हणून ते मनातून गेलं नाही.

रविवारी ती "सहजच" धाकटीकडे गेली. हातात केळी होती, म्हणजे येण्याला निमित्त झालं.

दार उघडंच होतं. धाकटी आणि मुंगी जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या आणि खोलीभर कापूस उडत होता. धाकटीने बाजारातून लहान मुलींच्या निळ्या लांब पायमोज्यांचे जोड आणले होते. त्यांत कापूस, जुने कपडे, वर्तमानपत्रांचे बोळे, जे हाताला लागेल ते कोंबून तिने हात केले होते. एक हात जाड, एक बारीक, एक मध्येच गाठाळलेला. टोकाला हातमोजे म्हणून रबरी हातमोजे, मेडिकलच्या दुकानात मिळतात तसले, फुगवून बांधलेले. आणि शिवण म्हणाल तर कुठेच नव्हती. जिथे जोड, तिथे जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी, नर्सच्या सफाईने, एकसारख्या अंतरावर.

"मावशी, बघ!" मुंगीने एक हात उचलून थोरलीशी हस्तांदोलन केलं. रबरी बोटं चुंईचुंई वाजली आणि मुंगी हसून लोळली. "याला गुदगुल्या होतात!"

थोरलीने हात उलटा करून पाहिला. हे तिला हसण्यावारी नेता आलं असतं. तोंडात आलं ते वेगळंच.

"हा हवालदार आहे की अपघातातला पेशंट?"

मुंगीला ते फारच आवडलं. "पेशंट! अष्टूला गाडीने उडवलं!" धाकटी मात्र हसली नाही. हातातली पट्टी तिने दातांनी तोडली आणि शांतपणे पुढच्या जोडावर लावली.

"पट्टी घामाने सुटेल गं," थोरली म्हणाली. आता आवाज तिने मऊ केला होता. "आण इकडे, मी दोन टाके मारून देते. मशीनवर पाच मिनिटांचं काम."

"राहू दे ना, ताई. मला करू दे."

"अगं पण वजन बघ. पोरीच्या खांद्याला ओढ बसेल. आत फोमच्या पट्ट्या..."

"ताई."

धाकटीने एवढंच म्हटलं. पण थोरलीचे पुढे आलेले हात मागे गेले. मग मुंगी तिच्याजवळ आली, गळ्यात हात टाकले आणि मोठ्या माणसासारखी समजूत घालत म्हणाली, "मावशी, तू नुसतं बघ हं. आम्ही करतो."

आम्ही. थोरली केळी ठेवून परत निघाली. चार घरांचं ते अंतर तिला चढासारखं वाटलं. ती काही अंगाचा तिळपापड होऊन आदळआपट करणाऱ्यांतली नव्हती. ती आत मुरवणाऱ्यांतली होती.

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिने तुकड्यांची टोपली उपसली. उरलेले तुकडे कुणीही न्यावेत, अशी तिथली रीत होती. लांबच्या प्रवासाच्या बसगाड्यांचं एक मोठं काम नुकतंच झालं होतं, त्याचं निळं मखमली कापड उरलं होतं. गडद, हात फिरवला की रंग बदलणारं. अष्टूचा रंग अगदी असाच. थोरलीने ते गालाला लावून पाहिलं आणि तिच्या मनाने पक्कं केलं.

आपण हे का करतोय, असा प्रश्न तिने स्वतःला एकदा विचारला. उत्तर तयार होतं: आयत्या वेळी ती चिकटपट्टी सुटली तर पोरीची फजिती नको, म्हणून हाताशी एक असलेला बरा. उत्तर इतकं चांगलं होतं की तिने ते पुन्हा तपासलं नाही.

माप घ्यायची गरजच नव्हती. मुंगीचे खांदे तिच्या तळहातांना पाठ होते, आणि रविवारी गळ्यात पडली तेव्हा वाढलेलं अर्धं बोटही हातांनी टिपून घेतलं होतं. तिने हात पोकळ ठेवले. आत फोमची एकच लांब पट्टी, खांद्याशी रुंद आणि टोकाला निमुळती, म्हणजे हात हलके राहतील आणि टोकाशी ऐटीत वळतील. दोन्ही बाजूंना तीन तीन हात, मुंगीचे खरे दोन धरून आठ. मुंगीच्या खऱ्या मनगटाला बांधलेला बारीक नायलॉनचा दोरा तिन्ही हातांतून ओवलेला. मुंगीने हात वर केला की त्या बाजूचे सगळे हात पंख्यासारखे उघडायला हवेत. पहिल्यांदा ते एकमेकांत अडकले. तिने दोरा उसवला, लांबी बदलली, पुन्हा ओवला. डोळ्यांसाठी प्लॅस्टिकचा चेंडू मधोमध कापला. टोपीच्या कडेला गाडीच्या सीटला घालतात तसं पायपिंग घातलं.

सगळ्या कारखान्याचं कापड कापणारे कटरकाका शेजारच्या टेबलापाशी उभे असत. दोन दिवस ते नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "कुठल्या गाडीची सीट ही? बसणाऱ्याला आठ हात दिसतात."

"मुंगीसाठी आहे. शाळेत कार्यक्रम आहे."

"तिची आई करतेय ना? सोमवारी तूच म्हणालीस, पट्ट्या चिकटवून पेशंट केलाय म्हणून."

थोरलीने मशीनवर पाय दाबला. मशीनच्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही.

काकांनी ती थांबेपर्यंत वाट पाहिली. "काम झकास झालंय," ते म्हणाले. "काम वाईट असतं तर बरं झालं असतं."

"म्हणजे काय?"

"काही नाही. सुई बदल, बोथट झालीये."

गुरुवारी शाळा सुटल्यावर मुंगी थोरलीकडे आली. थोरलीने तिला दूध-बिस्किटं दिली, स्वतः चहा घेतला, इकडचं तिकडचं विचारलं. मग जणू आत्ताच आठवल्यासारखं कपाट उघडलं.

मुंगीच्या हातातलं बिस्कीट दुधात पडलं.

"हा खरा आहे?" तिने हळूच विचारलं.

"घालून बघ."

तो अंगाला असा बसला जणू ती पोर त्यातच जन्मली होती. मुंगीने आरशासमोर उजवा हात वर केला. तीन निळे हात त्याच्यामागे सळसळत उघडले, पांढरे हातमोजे एका ओळीत उभे राहिले. डावा हात आडवा केला, तर तिकडचे तीन आडवे. मुंगी हसलीसुद्धा नाही. मग ती आरशातल्या स्वतःकडे बघत अगदी हळू म्हणाली, "थांबा. मासे, थांबा."

थोरलीचे डोळे भरून आले. त्या घटकेला तिच्या मनात द्वेष नव्हता, बहीण नव्हती, कुणीच नव्हतं. नुसतं कापड आणि पोर. पण घटका केवढीशी!

"मावशी," मुंगी म्हणाली, "याला आईचे हातमोजे लावू या? ते चुंईचुंई वाजणारे?"

"छे! सगळी शोभा जाईल."

"दोनच लावू. बाकीचे तुझे."

पोरीने आपल्या परीने वाटणी करून पाहिली होती. दोन टाके मारले असते की झालं असतं. थोरलीला ते कळलंही. पण ती म्हणाली, "हे बघ, एकतर हा घाल, नाहीतर तो. दोन्हीची भेळमिसळ नको."

मुंगीने आरशात पुन्हा एकदा हात वर केला, खाली केला, वर केला. "हा," ती म्हणाली.

दिवेलागणीला धाकटी तिला न्यायला आली. पाळीवरून थेट आलेली, पायांत हॉस्पिटलातले पांढरे बूट, खांद्यावर पिशवी. पिशवीतून निळ्या पायमोज्याचं एक टोक डोकावत होतं. जेवणाच्या सुट्टीत ती तिथेसुद्धा तेच करत बसली असणार. मुंगी धावत दाराशी गेली आणि सगळे हात उघडून उभी राहिली.

धाकटी जागच्या जागी थांबली. तिने आधी मुंगीला वरून खालपर्यंत पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं. थोरली तिच्या तोंडाकडेच बघत होती. तेच बघायला तर चार दिवस मशीन चालवली होती, हे त्या क्षणी तिला समजलं.

"आयत्या वेळी काही सुटलं-बिटलं तर असावा म्हणून..." थोरली म्हणाली.

"छानच झालाय," धाकटी म्हणाली. "हाच घाल, मुंगे." पिशवीतलं ते निळं टोक तिने अंगठ्याने आत ढकललं आणि चेन लावली. "चल, उशीर झाला."

जिंकल्यावर माणसाला कसं वाटावं ते थोरलीला ठाऊक होतं. तसं काही वाटेना. ती उरलेलं दूध-बिस्कीट ओतून द्यायला उठली आणि बराच वेळ मोरीपाशी उभी राहिली.

शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात पालक खुर्च्यांवर दाटीवाटीने बसले होते. दोघी बहिणी शेजारी शेजारी. धाकटीने रजा काढली होती, थोरलीने अर्धा दिवस मागून घेतला होता. मंचावर एकेक मूल येत होतं. कुणी पुठ्ठ्याचं रॉकेट, कुणी कापसाचं मेंढरू. एक अंडं झालेला मुलगा पायरीवर घसरून पडला आणि उठताना उलटा फिरला, तर त्याची आई मंचावर धावली.

वर्गबाई प्रत्येकाला माइक देऊन दोन प्रश्न विचारायच्या: तू कोण, आणि हे कुणी केलं? "आईने." "बाबांनी." "आईने." एक जण म्हणाला, "दुकानाने." सगळे हसले.

मुंगी आली. आधी अवसान गेल्यासारखी कडेलाच उभी राहिली. मग तिने शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात वर केले, आणि आठ पांढरे हातमोजे एकदम उभे राहिले. सभागृहातून "अरे वा!" असा एकच आवाज उठला. मागच्या रांगेतलं कुणी म्हणालं, "हे भाड्याने आणलं असणार." थोरलीची मान आपोआप ताठ झाली.

"तू कोण?" बाईंनी विचारलं.

"अष्टू हवालदार!"

"आणि इतका सुंदर पोशाख कुणी केला?"

मुंगीने खुर्च्यांकडे पाहिलं. दोघी तिला दिसत होत्या. तिने माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आईने."

टाळ्या पडल्या. आजूबाजूची माणसं धाकटीकडे वळून बघायला लागली. पुढची बाई तर मागे वळून म्हणालीच, "कमाल आहे हो तुमची. नोकरी सांभाळून!" धाकटीचे कान लाल झाले. तिचे हात मांडीवरून जरासे उचलले गेले, आता ती काही बोलणार असं वाटलं. मग ते हात पुन्हा मांडीवर आले. "थँक्यू," ती म्हणाली.

थोरली टाळ्या वाजवत होती. न वाजवून करते काय? पण आतून असा जाळ उठला होता की खुर्चीची सीट तिला तापलेल्या पत्र्यासारखी लागली. बक्षीस कुणालाच नव्हतं, सगळ्यांना एकेक पेन्सिल मिळाली. मुंगी ती पेन्सिल नाचवत आली तेव्हा थोरलीने तिला जवळ घेतलं, पण नेहमीपेक्षा लवकर सोडलं.

तिघी धाकटीच्या घरी आल्या. मुंगी आतल्या खोलीत गेली. धाकटीने चहाचं आधण ठेवलं आणि थोरलीला राहवेना.

"उभं राहून सांगता आलं नसतं?"

"आलं असतं."

"मग?"

"नाही सांगितलं." धाकटी ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली. "तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं, नाही सांगत जा."

"माझं काम ते! बोटं सोलून निघाली माझी!"

"कुणी सांगितलं होतं सोलायला?" धाकटी गर्रकन वळली. "मी म्हटलं होतं ना, मला करू दे? मला येत नाही, माहितीये मला. वाकडं झालं असतं. शाळेत हसले असते. पण माझं झालं असतं ना गं! पहिल्यांदा शाळेत गेली, तू सोडलंस. पहिला दात पडला, तू फोनवर सांगितलंस. वसतिगृहाच्या जिन्यात बसून मी 'हो का, हो का' म्हटलं आणि मग वॉर्डात जाऊन दुसऱ्यांच्या पोरांना औषधं पाजली. ती घरी आली तर म्हणते, मावशी अशी वेणी घालते, मावशी भात असा कालवते. मी ऐकते. एक ऑक्टोपस मागितला मी. एक! तोसुद्धा तू मखमलीचा करून आणलास."

"मी तुझ्यासाठीच सांभाळलं तिला."

"हो ना. 'माय मरो पण मावशी जगो.' मी भेटायला आले होते त्या दिवशी. खाली जिन्यातच उभी होते, ताई. तू काय म्हणतेस म्हणून थांबले होते. तू हसलीस."

थोरलीला बसावंसं वाटलं. तिने खुर्ची ओढली. आधण उकळून आटत आलं होतं, दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"रात्री दचकून उठली की अजून 'मावशी' म्हणून हाक मारते," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज बसला होता. "मी उठून जाते. अंधारात तिला कळत नाही, तोपर्यंत मीच मावशी असते."

हे ऐकून थोरलीला काय वाटलं? खरं सांगायचं तर आधी आनंद झाला. लख्ख, निखळ, साखरेसारखा आनंद. दुसऱ्या क्षणाला त्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की तिने पदराने तोंड पुसलं, जणू ओठांना काही लागलं होतं. इतके दिवस ती समजत होती की जळतंय ते आपणच. समोरची चार महिने गपचूप तेच भोगत होती, आणि तेही आपल्यामुळे.

मुंगी दारात येऊन उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. अंगात अजून अष्टू होता, फक्त टोपी काढलेली.

"मी खोटं बोलले म्हणून भांडता?" तिने विचारलं.

"नाही गं," दोघी एकदम म्हणाल्या.

"मावशी, तुला सगळं येतं," मुंगी म्हणाली. "आईला नाही येत. म्हणून मी तुझ्यातलं आईला दिलं."

धाकटीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ते रडू होतं की हसू, थोरलीला कळलं नाही. तिला स्वतःलाही दोन्ही एकदम आलं होतं. आधणात नवीन पाणी घालायला ती उठली. माफी कुणीच कुणाची मागितली नाही, त्या घरात ती पद्धत नव्हती. धाकटीने डब्यातून बिस्किटं काढली आणि पहिलं थोरलीपुढे केलं. साखरेचा डबा शोधायला मुंगीलाच पाठवावं लागलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी म्हणेल तर ते खरं नव्हे. मखमलीचा अष्टू धाकटीच्या कपाटात हँगरला लागला. "खूप चांगला आहे ना, खराब होईल," असं मुंगी म्हणायची आणि खेळायला काढायची ती चिकटपट्ट्यांचा पेशंट. त्याचे दोन हात गळून पडले, धाकटीने पुन्हा बँडेज केलं. रबरी हातमोज्यातली हवा गेली, तिने नवे फुगवले. त्याला उशाशी घेऊन मुंगी झोपायची. थोरली त्यांच्याकडे गेली की ते ध्यान पलंगावर पसरलेलं दिसायचं आणि तिच्या पोटात बारीकशी कळ यायची. फक्त आता तिला ठाऊक असायचं की ही कळ कसली आहे.

दोन महिन्यांनी शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता. त्याआधीच्या गुरुवारी मुंगी थोरलीकडे आली आणि डोळ्यांवर आलेली झुलपं फुंकरीने उडवत म्हणाली, "मावशी, केस तू काप ना. आई म्हणतेय मी कापते. ती वाकडे कापेल."

थोरलीने तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं. झुलपांवरून कंगवा फिरवला. एक रेघ, बस्स, मिनिटाचं काम. कातर हातात आली. मग ती तशीच थांबली, इतका वेळ की मुंगीने एक डोळा उघडून पाहिलं.

"आईला कापू दे," थोरली म्हणाली.

"पण वाकडे होतील!"

"होऊ देत. केस काय, वाढतात पुन्हा."

शनिवारी तिने मुंगीला रस्त्यात पाहिलं. झुलपं अशी कापली होती की डावी भुवई पूर्ण उघडी आणि उजवी पूर्ण झाकलेली. पोर कायम काहीतरी शंका विचारते आहे असं दिसत होतं. तिचा हात धरून धाकटी उभी होती आणि थोरलीच्या तोंडाकडे बघत होती.

"सरळ आलेत ना गं, ताई?"

थोरलीच्या जिभेवर चार वाक्यं आली. चारही तिने गिळली.

"आलेत की," ती म्हणाली. "छान दिसतेय."

सोमवारी कारखान्यात शिरताच मात्र तिने कटरकाकांना गाठलं. "काका, धाकटीने पोरीचे केस कापलेत, एवढे वाकडे, एवढे वाकडे की विचारू नका! एक भुवई आहे, एक नाहीच!" आणि फोमच्या ढिगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

काकांनी चष्मा पुसला. "तिला सांगितलंस का?"

"नाही."

"मग हस पोटभर."

ती हसली आणि कामाला लागली. पण दिवसभर सीटांवर सरळ टीप घालताना ती तिरकी झुलपं तिच्या डोळ्यांपुढे यायची, आणि तिची बोटं आपोआप ती सारखी करायला जायची.